एरंडोलचा कागद, धुळ्याची अक्षरे

जळगाव जिल्ह्यातले एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. 1908 च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे, पण ती उतरत्या काळातली: धंदा तेव्हा जेमतेम तग धरून होता.

देशी कागद म्हणजे मेहनतीचे काम. जुने गोणपाट, सुतळी चुन्यात भिजवायची, कुटायची, लगद्यातून साच्यावर एकेक ताव उचलायचा. वाळलेल्या तावाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटले की बोरू त्यावर न अडखळता चाले. घोटण्यात कसर राहिली की शाई फुटलीच! दिव्याची काजळी आणि डिंक यांची ही शाई मात्र शतकानुशतके काळीभोर राहते.

याचा पुरावा धुळ्यात आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी हस्तलिखितांची बाडे गोळा केली. ती श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थ रामदासांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रतही तिथेच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांनी जमवलेले दप्तर त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जपले.

गिरणीचा स्वस्त कागद आला, बोरूची जागा पोलादी निबाच्या टाकाने घेतली. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. याच उद्योगाचे पुढे ‘कॅम्लिन’ झाले.