केस, कायदा आणि घरगुती विद्या

टोनी मॉरिसन यांच्या 'साँग ऑफ सॉलोमन' (१९७७) या कादंबरीतील हेगारला एका टप्प्यावर वाटू लागते की आपले केस सरळ आणि रेशमी नाहीत, म्हणूनच आपला प्रियकर दुरावला. मराठी वाचक हा प्रसंग प्रेमभंगाचा म्हणून वाचतो. तो तसा आहेच. परंतु हेगारच्या या समजुतीमागे सत्ता, बाजार आणि घर यांचा एक दीर्घ इतिहास उभा आहे, आणि तो ठाऊक असल्यास आफ्रिकन-अमेरिकन लेखनातील केसांचे असंख्य उल्लेख निराळे दिसू लागतात.

१७८६ साली स्पॅनिश अमलाखालील लुईझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस फडक्याने झाकण्याची सक्ती केली. या स्त्रियांनी ती फडकीच इतक्या नजाकतीने बांधली की तो एक नवा शृंगार ठरला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी केशप्रसाधनांचा मोठा उद्योग उभारला. त्यातून हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतःची मिळकत लाभली. पण त्याच काळात तापवलेल्या फणीने आणि नंतर रसायनांनी केस सरळ करणे हीच सभ्यतेची खूण मानली जाऊ लागली. १९६० च्या दशकातील चळवळींनी या खुणेलाच आव्हान दिले.

अशा केसांच्या लहान लहान बटा पक्क्या करून त्या वाढू देणे, म्हणजे 'लॉक्स' राखणे, हा त्या आव्हानाचाच पुढचा टप्पा म्हणता येईल. बारीक लॉक्स डोक्यावर काही शेकडा असू शकतात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार-सहा आठवड्यांनी मुळाशी सुटे केस दिसू लागतात. ते बांधून घेण्याची एक रीत म्हणजे 'इंटरलॉकिंग'. क्रोशाच्या सुईसारखा, उघडझाप करणारी बारीक जीभ असलेला आकडा, किंवा नेढ्याची बोथट सुई घेऊन बटेचे टोक मुळाशी वाढलेल्या केसांच्या मधून पलीकडे ओढून घ्यायचे. पुढच्या वेळी दिशा बदलायची: मूळ ही घड्याळाची तबकडी मानली, तर एकदा तीनकडून नऊकडे आणि मग बाराकडून सहाकडे. दिशा न बदलता तेच तेच केले तर मूळ दुभंगून भोक पडते. वेढा टाळूपर्यंत घट्ट आवळला तर सततच्या ओढीने केस कायमचे गळू शकतात. नीट घातलेला वेढा मात्र धुण्याने वा घामाने सहजी सुटत नाही. कामाला तास न् तास लागतात; ते आई, बहीण, मैत्रीण यांच्या हातांनी, गप्पांच्या संगतीने होत आले आहे.

या घरगुती विद्येची कायद्याशी गाठ पडली ती कॅलिफोर्नियात. सॅन डिएगो येथे फ्रेंच आणि आफ्रिकाना अभ्यास शिकवणाऱ्या प्राध्यापिका जोअ‍ॅन कॉर्नवेल यांनी १९९३ मध्ये 'सिस्टरलॉक्स' ही बारीक लॉक्सची पद्धत सुरू केली. ती व्यवसाय म्हणून करायची तर राज्याचा परवाना हवा होता, आणि परवान्यासाठी १६०० तासांचे शिक्षण. त्या अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग त्यांच्या कामाशी संबंध नसलेला होता. ज्या केसांवर त्या काम करीत, त्यांना त्यात जवळजवळ स्थानच नव्हते. १९९९ मध्ये संघीय न्यायालयाने ही अट कॉर्नवेल यांना लागू करणे तर्काला धरून नाही, असा निर्णय दिला.

येथे एक विसंगती नोंदवायला हवी. 'सिस्टरलॉक्स' हे स्वतःच नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, त्याचे स्वतःचे प्रशिक्षण आणि स्वतःची प्रमाणपत्रे आहेत. राज्याच्या परवान्यातून सुटलेली विद्या अशा रीतीने पुन्हा एका चौकटीत आली. या चौकटीबाहेर राहून घरीच आकडा हाती घेणाऱ्या अनेक जणी 'मायक्रोलॉक्स' हा सर्वसाधारण शब्द वापरतात. ज्ञानाला नाव आणि मोबदला मिळावा, ही अपेक्षा न्याय्यच आहे. पण पिढ्यान् पिढ्या हातातून हातात गेलेल्या कौशल्याची मालकी सांगायची कोणी, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

बाहेरच्या जगातला झगडाही चालूच राहिला. अलाबामात २०१० साली एका स्त्रीला देऊ केलेली नोकरी तिने लॉक्स कापण्यास नकार दिल्याने काढून घेतली गेली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने हा वंशभेद मानला नाही, कारण केशरचना बदलता येते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून होणाऱ्या अशा भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला, आणि पुढे इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले.

मराठीत अनुवाद करताना 'लॉक्स'ला 'जट' म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. आपल्याकडे जट म्हणजे विंचरणे थांबल्याने झालेला गुंता. तो देवीचा कौल मानून मुलींना देवदासी म्हणून सोडले गेले, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांना समजावून ती जट कापली. तेथे कापण्यात सुटका होती. अमेरिकेतील त्या नोकरीच्या उमेदवाराच्या बाबतीत न कापण्यातच स्वातंत्र्य होते. एकाच शब्दात हे दोन अनुभव बसवले, तर दोघींवरही अन्याय होईल.