सर्पगंधेची मुळी आणि वृद्धांचा रक्तदाब

दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनीं १८९६ सालीं सिद्ध केलें. परंतु वाढलेला दाब खात्रीनें उतरविणारें सौम्य औषध हातीं येण्यास पुढें अर्धें शतक लोटलें. मधल्या काळांत एक समजूत दृढ झाली. म्हातारपणीं रक्तवाहिन्या ताठर होतात, तेव्हां त्यांतून रक्त लोटण्यास वाढीव दाब आवश्यकच आहे, तो उतरविणें धोक्याचें! वयांत शंभर मिळवावे व तेवढा दाब स्वाभाविक मानावा, असा ठोकताळाही रूढ होता.

ही समजूत पारखण्यास आधीं औषध हवें होतें, आणि त्या शोधांत मुंबईचा वांटा मोठा आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेची मुळी ५० रोग्यांना देऊन १९४९ सालीं तिचा वृत्तांत 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केला. मुळी नवी नव्हती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास १९३१ सालींच तिचा हा गुण नोंदविला होता. वकिलांचें श्रेय काटेकोर मोजमापाचें. त्यांच्या वृत्तांतानें पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मुळींतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें, आणि १९५७ सालीं वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक लाभलें.

पुढें रेसर्पिननें कित्येकांचें मन खिन्न होतें असें दिसून आलें व नवीं औषधें पुढें सरसावलीं. तथापि १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत त्याला पुन्हां दुय्यम स्थान होतें. साठ वर्षें व त्यापुढील ४,७३६ व्यक्तींपैकीं ज्यांना औषध मिळालें, त्यांच्यांत पक्षाघाताचें प्रमाण ३६ टक्क्यांनीं घटलें. जुनी समजूत तेथें कोसळली.

मात्र त्या भीतींत सत्याचा एक अंश होता. हृदयाच्या स्नायूला स्वतःचें रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधील विश्रांतींत मिळतें. त्याच्या वाहिन्या अरुंद असतां खालचा दाब फार उतरला, तर हृदयाचीच उपासमार होते. म्हणून वृद्ध हृद्रोग्याचा दाब अल्प मात्रेनें, पायरीपायरीनें उतरवावा. बसून मोजावा तसा उभें करूनही मोजावा, कारण उठतांच भोवळ येऊन पडणें हेंही त्या वयांत प्राणावर बेततें. परळचें रुग्णालय असो वा भिवंडीजवळच्या राहनाळमधील घर असो, बरें वाटूं लागलें म्हणून गोळी आपल्याच मतानें सोडूं नये. वाढलेला दाब बहुधा दुखत नाहीं. तो मोजल्याविना कळत नाहीं.