नव्वद दिवसांचा वायदा

5 जुलै 1977ची संध्याकाळ. लाहोरच्या एका गल्लीत, ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्या घरी तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. उकाड्यानं जीव नकोसा झालाय. रात्रीतून काय घडलं ते सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी आहे: पंतप्रधान भुट्टो ताब्यात, विरोधी नेतेही ताब्यात, सत्ता लष्कराकडे. पडद्यावर गणवेशातले लष्करप्रमुख येतात, जनरल झिया उल हक.

कान देऊन ऐका. सरकार संपलं, कायदेमंडळं बरखास्त, मार्शल लॉ लागू, हे ते सांगतात. पण राज्यघटना रद्द नाही, तिच्या काही भागांचा अंमल तेवढा थांबवलाय. राष्ट्राध्यक्ष जुनेच राहतील. पकडलेले नेते म्हणे तात्पुरत्या संरक्षणात आहेत. राजकारण्यांचं जमेना, पोकळी झाली, म्हणून लष्कराला यावं लागलं. सत्ता त्यांनी घेतली नाही, त्यांच्यावर ती येऊन पडली! ऑक्टोबरमध्ये, म्हणजे साधारण नव्वद दिवसांत, निवडणूक घेऊन ती परत करणार. मोहिमेचं नाव 'फेअर प्ले'.

शेजारचे म्हातारबा सुटकेचा श्वास सोडतात. त्यांना हसू नका. 7 मार्चच्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप झाला, तेव्हापासून या शहरानं मोर्चे, गोळीबार, संचारबंदी भोगली आहे. जनरलच्या भाषणाला बळ मिळतं ते लोकांच्या याच खऱ्याखुऱ्या थकव्यातून, आणि म्हणूनच मला ते उघड्या धमकीपेक्षा घातक वाटतं. सरकार आणि विरोधकांच्या वाटाघाटी तोडग्याजवळ आल्या होत्या, हे या खोलीत आज कोणाला आठवणार? (त्याच मार्चमध्ये सीमेपलीकडे, भारतात, आणीबाणी लादणारं सरकार मतदारांनी मतपेटीतून घालवलं होतं.)

आता थोडं पुढे सरका. ऑक्टोबर येतो, निवडणूक पुढे ढकलली जाते. आधी हिशेब, मग मतदान. 10 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालय भुट्टोंच्या पत्नी नुसरत यांची अटकेविरुद्धची याचिका फेटाळतं आणि 'गरजेच्या सिद्धांता'वर मार्शल लॉला मान्यता देतं. बंदुकीनं घेतलेल्याला कायद्याचं नाव मिळतं. खुनाच्या खटल्यात दोषी ठरवले गेलेले भुट्टो 4 एप्रिल 1979ला फासावर जातात.

19 डिसेंबर 1984. तुमच्या हातात सार्वमताची मतपत्रिका आहे. देशाचे कायदे इस्लामला धरून करण्याच्या जनरलच्या कार्यक्रमाला तुमचा पाठिंबा आहे का, एवढंच विचारलंय. या माणसाला राज्य करू द्यायचं का, हे कुठेच नाही. पण 'हो' म्हणालात की झिया आणखी पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. धर्माला 'नाही' कोण म्हणेल? अधिकृत निकालात 'हो' 97 टक्क्यांहून जास्त.

मार्शल लॉ उठला 30 डिसेंबर 1985ला. पक्षांच्या नावानं मतदान झालं ते थेट 16 नोव्हेंबर 1988ला, झिया विमान अपघातात गेल्यावर.