मायना आखडावा, मजकूर नव्हे

साताऱ्यात आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दहाव्या-तेराव्याची कार्डं आणि हल्ली फ्लेक्स, हे सगळं आम्ही छापतो. या धंद्यात माझं डोकं कागदाच्या भावापेक्षा टिंबाने जास्त फिरतं. गिऱ्हाईक मजकूर आणतं, त्यात सगळ्यात वर असतं ‘श्री. गजानन प्रसन्न’. देवाचा श्री हा अख्खा शब्द. त्याच्यापुढे टिंब दिलं की तो ‘श्रीयुत’ झाला आणि गणपती जाऊन बसला नवरदेवाच्या काकांच्या रांगेत. खाली वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. का.’ असतं. अहो, ‘कां.’ पाहिजे, सौभाग्यकांक्षिणीतला अनुस्वार कुठे सांडला? वडिलांना लिहायचं तर ‘ति.’ लिहितात. तीर्थरूपाची ती दीर्घ आहे. ‘एवढ्याने काय बिघडतं?’ असं गिऱ्हाईक विचारतं. त्याला द्यायचं उत्तर बरंच जुनं आहे.

मी हौसेने मोडी शिकलो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, तेही बोरू शक्य तेवढा कमी उचलून. शब्दाशब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत. अशा कागदात शब्द आखडायचा, तर कारकून पहिलं अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा मारी. ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘त॥’ म्हणजे तर्फ, शुहूर सनाआधी ‘सु॥’. चांद्र तारखेआधी नुसता ‘छ’ येई, म्हणजे चंद्र: छ 10 रजब. आज तोच ‘छ.’ छत्रपतींसाठी वापरला जातो, आणि ‘छ. शिवाजी’ लिहिलं की कित्येकांना ते खटकतं. मलाही खटकतं. महाराजांची पदवी आखडून कितीशी शाई वाचते?

पेशवाईतला कारकून आळशी होता म्हणून रेघा मारत नव्हता. कसबा, तर्फ, सन हे शब्द दर कागदात ठरल्या जागी येत. वाचणाऱ्याला ते आधीच माहीत असत. मायन्याचंही तेच. कोणाला काय लिहायचं याची मेस्तकं, म्हणजे नमुन्यांच्या वह्या, होत्या. राजमान्य राजेश्री कोण, वेदशास्त्रसंपन्न कोण, कोणाला साष्टांग नमस्कार आणि कोणाला नुसता आशीर्वाद, हे ठरलेलं असे. पाठ असलेल्या गोष्टीच आखडता येतात. तसेच ‘रा. रा.’, ‘वे. शा. सं.’, ‘कृ. सा. न. वि. वि.’ तयार झाले. पण ‘गनीम चालून आला’ किंवा ‘पाऊस नाही, पिके गेली’ हे कोणी आद्याक्षरांत लिहिलं नाही.

रेघांची जागा टिंबाने घेतली ती छापखान्यांमुळे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर कँडींकडे जातं. पूर्णविराम मराठीत आला आणि संक्षेपानेही तोच उचलला. मग 1879च्या जुलैत पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि आखडण्याला बहर आला. जागा हातभर नव्हे, बोटभर. माझ्याकडे वडिलांनी जपलेली काही कार्डं आहेत. त्यांतलं एक कार्ड बघण्यासारखं आहे. वर उजव्या कोपऱ्यात ‘ता.’ म्हणजे तारीख. पत्त्यात ‘मु. पो.’ आणि गावाच्या नावानंतर ‘ता.’ म्हणजे तालुका. शेवटी जागा संपत आल्यावर उभ्या समासात, कार्ड फिरवून लिहिलेलं ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम. एका कार्डावर तीन ‘ता.’, तिन्हींचे अर्थ वेगळे आणि गोंधळ कुठेही नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली. मधला मजकूर मात्र अख्खा: म्हैस व्याली, थोरलीचा ताप उतरला, मनिऑर्डर पोचली. नमस्काराला पाच अक्षरं आणि म्हशीला पूर्ण वाक्य. दुःखाची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे हातात घेताच कळावं. पण आत कोण गेलं, कधी गेलं, ते सगळं नीट लिहिलेलं असे.

जुळाऱ्याला संक्षेपाचे सापळे माहीत असायचे. श्री. म. माटे यांच्या नावातला ‘श्री.’ श्रीपादाचा आहे आणि श्री. व्यं. केतकरांचा श्रीधराचा. वडील नव्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात सांगत, नाहीतर तो ‘श्री.’ आदराचा समजून पुढे ‘म. माटे’ एवढंच नाव मानायचा. हल्लीचा सापळा ‘पुलं’. पुलंना, पुलंचं इथे अनुस्वार हक्काचा आहे, तो आदरार्थी अनेकवचनाचा. पण ‘पुलं म्हणाले’? तिथे पु. ल.च म्हणाले. हे मी मुलाला सांगितलं की तो म्हणतो, ‘बाबा, सगळे तसंच बोलतात.’ बोलू देत. बोलण्यावर माझी प्रुफं नाहीत.

माझी खरी तक्रार टिंबाच्याही पुढची आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याच्या पदव्या, उपपदव्या, ‘युवा हृदयसम्राट’ सगळं सविस्तर, आणि शुभेच्छा मात्र ‘हा. शु.’. फोनवर कोणी गेल्याची बातमी आली की खाली ओळीने ‘भा. पू. श्र.’. भावपूर्ण हा एक शब्द, त्याचे दोन तुकडे केले. त्यातही निम्मे लोक ‘पु’ ऱ्हस्व काढतात. जुनी मंडळी उपचार आखडत आणि सांगायचं ते पुरतं सांगत. आम्ही उपचार पुरता ठेवला आणि सांगायचं तेच आखडलं. संक्षेपाचे नियम पुस्तकात शोधायला नकोत. वाचणाऱ्याला जे तोंडपाठ आहे तेच तोडावं, एवढं कळलं की टिंबही आपोआप जागेवर पडतं.

आमच्याकडे श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगायला आलेला माणूस ‘भा. पू. श्र.’ म्हणाला, तरी आम्ही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापतो. जादा पैसे घेत नाही. अजून कोणी परत आणलेला नाही.