बुलढाणा जिल्ह्याला स्वतःचं एफएम स्टेशन का नाही?

2011 च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार. तालुके 13. तरीही इथं खासगी एफएम लावायचं म्हटलं तर सुई अकोल्याच्या नाहीतर जळगावच्या स्टेशनवर न्यावी लागते. असं का, हे समजायला थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे रेडिओवरच्या जाहिरातींना सरकारनंच सुरुवात केली. 1950 च्या दशकात आकाशवाणीनं फिल्मी गाण्यांना हात आखडता घेतला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यांना परत आणायला 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1967 ला, तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्याही मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे विदर्भ या धंद्यात पहिल्या दिवसापासून होता.

खासगी एफएम 2001 मध्ये बंगळुरूत सुरू झालं. त्या वेळची ठरावीक आणि दरवर्षी वाढत जाणारी लायसन्स फी कंपन्यांना झेपेना. 2005 च्या धोरणात त्याऐवजी उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा घ्यायचं ठरलं आणि छोट्या शहरांचं गणित जमलं. रेडिओ सिटीनं अकोला आणि जळगाव त्याच टप्प्यात घेतलं. माय एफएम पुढच्या टप्प्यात आलं.

मग बुलढाणा कुठं अडलं? लायसन्स शहराला मिळतं, जिल्ह्याला नाही. 2011 च्या धोरणात मुख्य अट होती, शहराची लोकसंख्या एक लाख किंवा त्याहून जास्त हवी. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं शहर खामगाव, आणि त्याची 2011 ची लोकसंख्या सुमारे 94 हजार! बुलढाणा आणि मलकापूर प्रत्येकी 67 हजारांच्या आसपास. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत अचलपूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया आहेत. बुलढाणा जिल्ह्यातलं एकही शहर नाही.

शेजारच्या स्टेशनवर भागत नाही का? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की आवाज खरखरतो. आपला जिल्हा तर घाटावर आणि घाटाखाली असा सरळ दोन भागांत वाटलेला. आणि सिग्नल मिळाला तरी जाहिरात अकोल्याच्या दुकानाची. खामगावच्या चांदीच्या बाजारपेठेतल्या दुकानदारानं शेजारच्या शहरातल्या श्रोत्यांसाठी पैसे का मोजावेत?

स्टेशन आलं तर त्यावर काय लागेल? गाणी, फर्माईश, आरजेच्या गप्पा. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, वीज-पाणी बंद असल्याची सूचना, स्थानिक कार्यक्रम हे सगळं चालतं. शेगावात गर्दीच्या दिवशी रस्ता कुठून वळवलाय, हे सांगायला तेवढं पुरतं. अडचण वेगळीच आहे. कंपनीला एकाच स्टुडिओतला कार्यक्रम आपल्या अनेक स्टेशनांवर लावता येतो, आणि खर्च वाचवायचा म्हटलं की आधी छोट्या गावचा आरजे कमी होतो. तेव्हा अट शिथिल झाली तरी, आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलणारं कुणी माइकसमोर असेलच, याची खात्री लायसन्स देत नाही.