गहाणाची चिठ्ठी : एका नोंदीचा इतिहास

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत सोन्याविषयी लिहिणे प्रसंगाला साजेसेच आहे. मात्र प्रस्तुत लेखाचा विषय अंगावर मिरवणारे सोने नसून गहाण पडलेले सोने हा आहे. पोटापाण्यासाठी परमुलखात आलेल्या पहिल्या पिढीतील कित्येक कुटुंबांच्या पेटीत पाटल्यांच्या जागी काही काळ कागदाची एक चिठ्ठीच असे. तिची वाच्यता कोणी करीत नसे. मुलांची फी, घरातील बाळंतपण, गावाकडून आलेली आजारपणाची तार, अशा वेळी अनोळखी शहरातील अनोळखी पेढीची पायरी चढावी लागे. तेथे आपली हमी देणारा सोयरा वा गाववाला नसे. जो काही आधार होता तो त्या चिठ्ठीचा. ही चिठ्ठी आली कोठून, याचा मागोवा घेऊ लागले की आपण फार दूरच्या काळात जाऊन पोहोचतो.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली तिचे मुद्रण झाले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाच्या 'कण्टकशोधन' नामक अधिकरणात जुन्या वस्तूंच्या व्यापाराविषयी स्पष्ट नियम आहेत. बाजारावर देखरेख करणारा अधिकारी म्हणजे संस्थाध्यक्ष. आपल्या मालकीबद्दल ज्याने खात्री पटविली असेल त्याच्याच जुन्या वस्तूंची विक्री अथवा गहाणवट त्याने बाजारात होऊ द्यावी, आणि त्याला कळविल्यावाचून असा व्यवहार कोणी करू नये, असे कौटिल्य सांगतो. एखादी वस्तू हरवली वा चोरीस गेली तर तिची वर्दी त्या जातीच्या मालाच्या व्यापाऱ्यांना द्यावी. वर्दी मिळूनही जो व्यापारी वस्तू दडवील तो चोराचा साथीदार ठरतो, आणि ज्याने अजाणता घेतली असेल तो ती परत करून दोषमुक्त होतो. चोराच्या मागे धावण्यापेक्षा चोरीचा माल जेथे खपतो ती वाटच अडविण्याचा हा विचार आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीने हाच विषय 'अस्वामिविक्रय' या नावाने हाताळला. धन्यावाचून दुसऱ्याने विकलेली वस्तू मूळ धन्याला परत मिळावी. आणि अपात्र माणसाकडून, एकांतात, अल्प किमतीत वा अवेळी जो खरेदी करील त्याला चोरच समजावे, अशी ती तरतूद आहे. जुन्या बाजारातील संशयास्पद सौद्याची याहून नेमकी लक्षणे आजच्या पोलीस अधिकाऱ्यालाही सांगता येणार नाहीत. त्याच स्मृतीप्रमाणे केवळ सांभाळण्यासाठी ठेवलेली गहाण वस्तू सावकाराने वापरली तर त्याचा व्याजाचा हक्क बुडतो. या स्मृतीवर चालुक्यांच्या कल्याण नगरीत विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियमही याच परंपरेतला; मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीसुद्धा तो हिंदूंच्या कर्जव्यवहारांत मान्य केला.

नियम असे उत्तम असूनही आपल्याच मुलखात कुणब्याची दैना का झाली? याचे उत्तर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी मिळाले. येथे प्रश्न दागिन्यांचा नव्हता, जमिनीचा व कर्जखतांचा होता. पण मर्म तेच होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आली. मुदत सरण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाई आणि निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, सारावाढ झाली आणि ही खते गळ्यास फास होऊन बसली. सुप्यात व नंतर पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत जमावांनी सावकारांकडून मागितले ते मुख्यत्वे कागद. खते हाती आली की ती जाळून जमाव बहुधा माघारी फिरे. नोंद नव्हती म्हणून हा उद्रेक झाला नाही. नोंद होती, परंतु ती एकट्या सावकाराच्या हाती होती आणि ऋणकोला ती वाचता येत नव्हती.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने नेमके येथेच बोट ठेवले. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत ग्राम-निबंधकासमोर व्हावे, प्रत्येक भरण्याची लेखी पावती मिळावी, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागता यावा आणि ऋणकोजवळ स्वतःचे हिशेबपुस्तक असावे, अशी व्यवस्था त्यात होती. मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना, रोजकीर्द व खतावणी सक्तीची केली. त्याची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या सावकारी नियमन कायद्याने घेतली.

दागिन्यांच्या गहाणवटीचा कायदा याच सुमारास आकारास आला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे कर्ज थकले तरी रास्त नोटीस दिल्याखेरीज सावकाराला वस्तू विकता येत नाही आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ती सोडविण्याचा हक्क धन्याकडे राहतो. त्याच वर्षी इंग्लंडात झालेल्या कायद्याने चिठ्ठी देणे बंधनकारक केले आणि सोडवणुकीस बारा महिने व वर सात दिवस दिले. मात्र दहा शिलिंग वा त्याहून कमी कर्जाची वस्तू मुदत सरताच सावकाराची होई, म्हणजे सर्वांत गरीब माणसाच्या वाट्याला लिलावाचे संरक्षणही येत नसे. आपल्याकडे मद्रास प्रांताने १९४३ मध्ये व म्हैसूर राज्याने १९६१ मध्ये गहाणपेढ्यांचे स्वतंत्र कायदे केले. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास शासन करणारे १८६० च्या दंडसंहितेचे ४११ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१७ व्या कलमात समाविष्ट झाले. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारण कर्जांविषयी निर्देश काढले. सोन्याची पारख कर्जदाराच्या समक्ष व्हावी आणि वजन व कस यांचा दाखला त्याला मिळावा, असे त्यांत म्हटले आहे.

या साऱ्या प्रवासात प्रश्न दोनच दिसतात : वस्तू खरोखर कोणाची, आणि तिच्यावर किती देणे आहे? पहिल्याचे उत्तर कौटिल्याने व्यापाऱ्याकडून मागितले. दुसऱ्याचे उत्तर ऋणकोच्याही हाती असावे, हे समजण्यास आपल्या दख्खनला सुप्याची होळी पाहावी लागली. गावात माणसाची ओळख असते, परगावी ती कागदाने करून द्यावी लागते. आणि गावातील ओळखही कागदावाचून पुरी पडली नाही, हे १८७५ ने दाखविले.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्यापैकी अनेकांची घरे उभी राहिली, मुले शिकली. त्यांतील काही घरांच्या पायात अशा चिठ्ठ्या आहेत. मुदतीच्या आत त्या सोडवून पाटल्या पुन्हा हातात चढविणाऱ्या आपल्या आया-आज्यांनी त्या जपून ठेवल्या असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. आपल्या इथल्या वस्तीच्या इतिहासाचीच ती अस्सल कागदपत्रे आहेत.