लोणारचें विवर आणि नव्या विद्येचा भाव

लोणारच्या सरोवराच्या कांठावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे पहिला विचार मनांत येतो तो हा कीं, एवढी मोठी वाटी ह्या काळ्या पाषाणांत कोणीं कोरली? जुनी कथा सांगते कीं, येथें लवणासुर नांवाचा दैत्य राहत असे व विष्णूनें दैत्यसूदनाच्या रूपानें त्याचा वध केला. गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर देवालय त्या कथेची साक्ष देत आजही उभें आहे. पुढें भूगर्भशास्त्रज्ञ आले. दख्खनचें सारें पठारच लाव्ह्याच्या थरांनीं बनलेलें. तेव्हां हें विवरही ज्वालामुखीचेंच असलें पाहिजे, असा पुष्कळांचा तर्क होता, व तो वरकरणी अगदीं सयुक्तिक होता. १९७३ सालीं मात्र येथील खडक तपासून अमेरिकन व भारतीय संशोधकांनीं सप्रमाण दाखवून दिलें कीं, हें विवर आकाशांतून आलेल्या उल्केच्या आघातानें झालें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत मी लोणारास गेलों असतां माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मला ह्याच कांठावर येऊन भेटले. ते त्या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकरी. दोन एकर शेत गहाण टाकून मुलाला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ शिकविणाऱ्या एका खासगी वर्गांत घालावें, असें त्यांच्या मनांत होतें. वर्ष संपतांच मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, असें जाहिरातींत लिहिलें होतें. त्यांनीं मला विचारलें, ‘सर, ही नवी विद्या खरी हाये काय जी?’ प्रश्न दिसावयास एक, पण त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. विद्या खरी आहे काय, हा पहिला; आणि तिला लोकांनीं लाविलेला भाव खरा आहे काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हें समजण्यासाठीं लोणारच्याच एका भावंडाची हकीकत उपयोगी पडते.

अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतांत असेंच, पण लोणारहून लहान, एक विवर आहे. गिल्बर्ट ह्या नामांकित भूगर्भशास्त्रज्ञानें १८९१ सालीं तें तपासून, तें भूगर्भांतील वाफेच्या स्फोटानें झालें असावें, असें मत दिलें. डॅनिएल बॅरिंजर ह्या खाणींच्या व्यवसायांतील गृहस्थास तें पटलें नाहीं. तें विवर उल्केनेंच झालें आहे, असें ठाम मानून त्यानें १९०३ सालीं तेथें खोदण्याचे हक्क मिळविले. विवर एवढें मोठें, तर त्याच्या पोटांत गाडलेला लोखंडाचा गोळाही कोट्यवधि टनांचा असला पाहिजे, हा त्याचा हिशेब. आणि ह्या हिशेबावर कंपनी निघाली, भांडवल गोळा झालें, खोल भोकें पाडलीं गेलीं. सव्वीस वर्षें हें चाललें. शेवटीं १९२९ सालीं मूल्टन ह्या ज्योतिर्विदानें गणित करून दाखविलें कीं, उल्केचा प्रचंड वेग लक्षांत घेतां तिचें वजन ३ लक्ष टनांच्या आसपासच धरावें लागेल, आणि त्यांतीलही बहुतेक भाग आघाताच्या उष्णतेनें नाहींसा झाला असला पाहिजे. त्याच वर्षीं बॅरिंजर निवर्तला. पुढें १९६० च्या सुमारास त्याचें उल्केचें मत निर्विवाद ठरलें. म्हणजे विद्वानांशीं झालेल्या वादांत तो जिंकला, आणि त्याच मतावर उभारलेल्या व्यापारांत मात्र बुडाला. तत्त्व खरें असलें म्हणजे त्यावर मांडलेला नफाही खरा ठरतोच, असें नाहीं.

बरें, नफा खरा असला, तरी तो किती दिवसांचा आणि कोणाचा? ह्याचें उत्तर शोधावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्या कापसाची हकीकत पुरे आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, इंग्लंडांतील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसास सोन्याचें मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. बॅक बे येथील समुद्र हटवून जमीन करूं पाहणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला भाग ५०,००० च्याही वर गेला. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपत आलें, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांची मुदत भरतांच पेढ्यामागून पेढ्या बसल्या. पण कापूस खोटा होता काय? मुळींच नाहीं. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, १८७० सालीं तिचा फांटा खामगांवास आला, आणि वऱ्हाडचा कापूस पुढें अनेक दशकें जगाच्या बाजारांत चालला. मागणी खरी होती. भाव मात्र युद्धाचा होता. बुडालेल्या सट्टेवाल्यांच्या हकीकती पुष्कळांनीं लिहिल्या आहेत. परंतु भाव चढा असतां सावकारानें सढळ हातानें दिलेलें कर्ज भाव उतरल्यावर ज्याच्या डोक्यावर राहिलें, त्या दख्खनच्या शेतकऱ्याची हकीकत शोधावी लागते १८७५ सालच्या दंग्यांत. पुणें जिल्ह्यांत सुपें येथें सुरू झालेल्या त्या दंग्यांत लोकांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. साऱ्याची वाढ हेंही त्याचें एक कारण होतें. पण कापसाच्या उतरलेल्या भावाचा वांटा त्यांत लहान नव्हता.

आतां नव्या विद्येकडे वळूं. १९५६ सालीं अमेरिकेंत डार्टमथ येथें भरलेल्या विद्वानांच्या बैठकीपासून तिचा जन्म मानतात. पुढच्याच वर्षीं हर्बर्ट सायमन ह्यांनीं भविष्य केलें कीं, दहा वर्षांत यंत्र बुद्धिबळांत जगज्जेतें होईल. यंत्रानें जगज्जेत्या कास्पारोव्हास सामन्यांत हरविलें तें १९९७ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांनीं. भविष्य खरें, मुदत खोटी! मध्यंतरीं, लोणारचें कोडें सुटलें त्याच १९७३ सालीं, सर जेम्स लाइटहिल ह्यांनीं इंग्लंडांत ह्या विद्येच्या अपुऱ्या राहिलेल्या आश्वासनांवर कडक अहवाल लिहिला, आणि तेथील सरकारी साहाय्य आटलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आल्यावर वारें पुनः फिरलें. २०२३ सालीं गोल्डमन सॅक्स ह्या पेढीनें वर्तविलें कीं, दहा वर्षांत जगाचें उत्पन्न ह्या यंत्रांमुळें ७ टक्क्यांनीं वाढूं शकेल. पण २०२४ सालीं त्याच पेढीच्या एका अहवालांत खर्च फार आणि लाभ थोडा तर नव्हे ना, असा प्रश्न उघड विचारला गेला. आणि त्या वर्षींच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी डॅरन असेमोग्लू ह्यांनीं हिशेब मांडला कीं, दहा वर्षांत उत्पादकतेची ह्यामुळें होणारी एकूण वाढ १ टक्क्याच्याही आंत राहील. त्यांचें म्हणणें साधें आहे: यंत्रास करतां येतील अशीं कामें पुष्कळ असलीं, तरी तीं यंत्राकडून करून घेणें नजीकच्या काळांत परवडेल अशीं कामें थोडीं. जानेवारी २०२५ मध्यें एका चिनी कंपनीनें असेंच यंत्र थोडक्या खर्चांत बनविल्याची वार्ता पसरतांच, ह्या यंत्रांस लागणारे सूक्ष्म भाग बनविणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या भांडवलाची बाजारांतील किंमत एका दिवसांत सुमारें ६०० अब्ज डॉलरांनीं घसरली. बॅक बेचा भाग ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांस ह्याचें फारसें नवल वाटूं नये.

एवढ्यावरून ही विद्या पोकळ आहे असें म्हणणारे दुसऱ्या टोकास जातात. विजेचा इतिहास पाहा. १८८० च्या दशकांत वीज पुरविणारीं केंद्रें निघालीं; पण अमेरिकेंतील कारखान्यांच्या उत्पादकतेंत तिचा खरा प्रभाव दिसला तो १९२० च्या दशकांत, असें पॉल डेव्हिड ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९९० सालीं दाखविलें. प्रथम कारखानदारांनीं वाफेचें एंजिन काढून त्याच जागीं विजेची एक मोठी मोटर बसविली, आणि छताखालचे दांडे व पट्टे जुनेच ठेविले. पुढें प्रत्येक यंत्रास स्वतःची लहान मोटर लावून कारखान्याची सारी मांडणी नव्यानें केली, तेव्हां कोठें लाभ हातीं आला. त्याला एक पिढी लागली. एक पिढी वाट पाहणें श्रीमंत पेढीस जमतें. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या घरास तें जमत नाहीं.

हेंच मीं त्या गृहस्थांस जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलें. विद्या खरी आहे. मुलानें ती अवश्य शिकावी, पण चालू पदवी न सोडतां, थोड्या खर्चांत जेवढी शिकतां येईल तेवढी. ज्या वर्गास नोकरीची एवढी खात्री आहे, त्यास मागील विद्यार्थ्यांपैकीं कोणास कोठें नोकरी लागली, तें स्पष्ट विचारावें. आणि शेत गहाण टाकूं नये; कारण विद्येचा लाभ केव्हां येईल तें अनिश्चित, पण व्याजाची तारीख निश्चित. ते कांहीं वेळ खालच्या हिरवट पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे वाण खरं, पण भावाचा भरोसा नाही.’

कापसाच्या मुलखांतील माणसास हें निराळें शिकवावें लागलें नाहीं.